जुन्या धक्क्याची चाहूल

वावळेबंदरच्या बारा-चाळीसच्या बसला कोणीतरी झपाटलंय, ही बातमी आधी मासळीबाजारात पोचली आणि तिथून वाहतूक नियंत्रण कक्षात. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. नियंत्रण कक्षात अठरा पडदे होते, प्रत्येक थांब्यावर कॅमेरा होता आणि हे सगळं बघायला चोवीस तास माणसं बसवलेली होती. पण बातमीच्या बाबतीत मासळीबाजाराचा हात धरणारं यंत्र अजून निघायचं आहे.

घडलं ते असं. आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी ती बिनचालकाची बस 'जुना धक्का' या थांब्यावर आली. पाच माणसं चढली. दार मिटायला लागलं आणि मध्येच थांबून पुन्हा उघडलं. थांब्यावरच्या पाटीवर अक्षरं उमटली : 'थांबा. रोशन केणी येत आहे. चाळीस पावलं.' मग पस्तीस. मग तीस. समुद्राच्या बंधाऱ्यावरचा तो रस्ता सरळसोट आहे, लपायला खांबसुद्धा नाही, आणि त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आकडा उतरत उतरत शून्यावर आला. 'रोशन केणी थांब्यावर' असं पाटीनं सांगितलं, दार दहा सेकंद उघडं राहिलं, मग मिटलं आणि बस निघाली. आतल्या पाचांपैकी चौघं रोशन केणीला ओळखत होते. त्याला समुद्रानं नेलं त्याला बारावं वर्ष चालू होतं.

रोशनची थोरली बहीण दर्शना केणी हीच त्या वेळी नियंत्रण कक्षात ड्यूटीवर होती. तिनं पडद्यावर भावाचं नाव पाहिलं, आणि ते खरं आहे की डोळ्यांचा खेळ हे कळायच्या आत तिचा फोन वाजला. पलीकडे आई होती, मथुराबाई.

"दर्शे, तो आयलाय," आई म्हणाली. "पारूच्या सुनेनी पाटीवर नाव वाचला त्याचा. तू मना का नाय सांगितलास?"

वावळेबंदर आता शहराचा एक वॉर्ड असला, तरी तिथल्या जुन्या माणसांच्या लेखी ते शहर नव्हे. शहर म्हणजे पलीकडचा किनारा. पूर्वी तिकडे जायला 'तर' होती, म्हणजे शिडाची प्रवासी होडी. दगडी धक्क्याच्या पायऱ्या उतरून माणसं तिच्यात बसत. केण्यांचा पणजोबा तिचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या होता. पुढे खाडी भरून रस्ता झाला, त्यावरून ट्राम आली, होडी बंद पडली आणि धक्का भरावाखाली गेला. ट्रामही गेली, रूळ उपटून नेले, बस आली. दर्शनाचे वडील त्या बसवर एकतीस वर्षं कंडक्टर होते. समुद्र चढू लागला तेव्हा रस्त्याच्या कडेनं बंधारा बांधला, मग रस्ताच बंधाऱ्यावर चढवला. चार पिढ्यांत चार वाहनं झाली, पण थांब्याचं नाव 'जुना धक्का'च राहिलं. धक्का पाहिलेलं माणूस मात्र एकही उरलं नव्हतं.

बिनचालकाच्या गाड्या आल्या तेव्हा बंदरावर पहिलं भांडण झालं ते थांबण्यावरून. चालक-वाहक असताना डोक्यावर मासळीची पाटी घेऊन धापा टाकत येणारी बाई दिसली की गाडी थांबायची. कंडक्टर आधी शिव्या घालायचा आणि मग हात देऊन वर घ्यायचा. यंत्राला डोळे होते, पण वळणाआडचं दिसत नव्हतं. म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांदेखत गाड्या सुटू लागल्या, तेव्हा बायकांनी एक दिवस बसपुढे पाट्या मांडून बाजारच भरवला. त्यातून 'चाहूल' आली.

चाहूलचं तत्त्व सोपं होतं. रस्त्याखालून टेलिफोनच्या काचेच्या केसाएवढ्या तारा आधीच गेलेल्या होत्या. अशा तारेत प्रकाश सोडला की त्यातला अगदी थोडा वाटेतूनच परत येतो. वर कोणी चालत असेल तर जमीन सूक्ष्म हादरते, तार केसाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाते, आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. तो बदल मोजला की तारेचा प्रत्येक मीटर कानासारखा ऐकू लागतो. प्रत्येकाची चाल वेगळी असते. चार-सहा महिन्यांत यंत्र नेहमीच्या माणसांना पावलांवरून ओळखू लागलं. ज्यांनी संमती दिली त्यांची नावं पाटीवर येऊ लागली, आणि कोण रोज उशिरा उठतं आणि कुणाची सून सासूआधी थांब्यावर पोचते हे सगळ्या बंदराला कळू लागलं. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग पाटी वाचायची सवय लागली.

त्यात एक सोय मुद्दाम केलेली होती. म्हाताऱ्यांची पावलं हलकी पडतात, गोंगाटात हरवतात. म्हणून चाहूल नुसतं ऐकत नसे, वाटही बघत असे. एखादं माणूस ठरावीक वेळी येतं हे तिला ठाऊक असलं की त्या वेळी थोडासा आवाजही ती त्या माणसाच्या नावावर टाकी. नवरा यायच्या वेळी घरातल्या बाईला जिन्यावरचं प्रत्येक पाऊल त्याचंच वाटतं, त्यातलाच हा प्रकार.

रोशन गोदीत वेल्डर होता. दुसऱ्या पाळीला जायला बारा-चाळीसची बस धरायचा, आणि सुट्टीच्या दिवशी मामाच्या होडीवर जायचा. बारा वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या शेवटी होडी उलटली. तिघांपैकी दोघांची प्रेतं मिळाली. रोशनचं काहीच मिळालं नाही. मथुराबाईंनी घरात सांगून टाकलं की ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची असते, त्याआधी त्याच्या नावानं पिंड नाही, फोटोला हार नाही, आणि "होता" असं म्हणायचं नाही. येत्या सर्वपित्री अमावास्येला बारा वर्षं पुरी होत होती. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा हे भटजींशी ठरलं होतं. आणि आता हे.

"पुतला नाय न काय नाय," त्या संध्याकाळी मथुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, त्याचंच दर्शनाला भय वाटलं. "जित्या पोराला जालतात काय?"

पुढच्या पौर्णिमेला, नारळी पौर्णिमेच्याच दुपारी, पाटीवर रोशन पुन्हा आला. श्रावणातल्या अमावास्येलाही आला. मधल्या दिवसांत त्याचा पत्ता नसे. मथुराबाई आता तिथी बघून डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन थांब्यावर जाऊन बसू लागल्या. पाटीवर आकडा उतरू लागला की त्या डब्याचं झाकण काढून उभ्या राहत. लोक आधी हळहळले, मग टाळू लागले. बारा-चाळीसला जाणारी माणसं बाराच्याच बसनं जाऊ लागली.

इरफान तुंगेकर हा तारांचा इंजिनियर. दर्शनाच्या बरोबरीचा, बोलायला फटकळ. त्यानं नगरपालिकेच्या दप्तरातून शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा काढला आणि ओहोटीच्या वेळी दर्शनाला बंधाऱ्याच्या पायथ्याशी नेलं. जूनमधल्या वादळानं तिथले तीन मोठे दगड हलले होते आणि माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं. आत बॅटरी मारली. वर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या, हिरव्या, मधोमध झिजलेल्या.

"तुमच्या तरीचा धक्का," इरफान म्हणाला. "भराव वाहून गेला, पायऱ्या उघड्या पडल्या. उधाणाला पाणी आत शिरतं आणि एकेक पायरी चढतं. प्रत्येक पायरीवर थप्प. वर आपली तार आहे. आता सांग, तारेला काय ऐकू येईल?"

"कोणीतरी वर येतंय."

"बरोबर. आणि अमावास्या-पौर्णिमेची भरती आपल्याकडे कायम दुपारी बाराच्या पुढेमागेच. त्या वेळी चाहूल कुणाची वाट बघते ते तुला ठाऊक आहे. मला एकच कोडं सुटत नाही. चारशे दिवस चाहूल नाही लागली तर नाव यादीतून जातं. रोशनचं नाव अजून यादीत कसं?"

दर्शना पायऱ्या मोजू लागली. इरफान मूर्ख नव्हता.

दरवर्षी एप्रिलमध्ये यंत्र अशा नावांची एक यादी दर्शनापुढे करी. त्यात प्रत्येक नावापुढे 'ठेवा' किंवा 'काढा' असं निवडायचं असे, आणि ठेवायचं असल्यास कारण लिहायचं. पहिल्या वर्षी दर्शनानं रोशनच्या नावापुढे 'ठेवा' केलं, कारण बारा वर्षं झाली नव्हती. दुसऱ्या वर्षीही तेच. असं अकरा वेळा. कारणाच्या रकान्यात ती लिहायची, 'परत येणार.' आई तोंडानं जे म्हणत होती ते तिनं यंत्राला अकरा वर्षं शिकवलं होतं, आणि यंत्र बिचारं शिकलं.

"दुरुस्तीला दोन महिने," इरफान म्हणाला. "भाद्रपदातल्या पौर्णिमेला वर्षातली मोठी भरती आहे, पाणी रस्त्यावर येणार. त्या वेळी गाडी तिथं मिनिटभरही उभी राहता कामा नये. आणि नियम तुला माहीत आहे. उधाणात बंधाऱ्यावर माणूस मागे ठेवून गाडी हलत नाही. ते नाव काढ."

"काढते," दर्शना म्हणाली.

तिनं त्याच रात्री घरी आईला सगळं सांगितलं, पायऱ्या, भराव, तार, आणि यादीबद्दलही. मथुराबाई मासे निवडत ऐकत होत्या.

"म्हंजे तो पायऱ्या चढतंय," त्या म्हणाल्या. "तुज्या पनज्याच्या तरीच्या. आपलेच पायऱ्या त्या."

"आये, तो नाय. पानी चढतंय."

"तो पान्यातच गेला ना?"

दर्शनानं दुसऱ्या दिवशी कक्षात जाऊन यादी उघडली. 'काढा' म्हटल्यावर कारण विचारलं गेलं. तीनच पर्याय होते : स्थलांतर, स्वतःची विनंती, मृत्यू. स्थलांतर निवडलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. पण बोट तिथे जाईना, आणि मृत्यूवर तर नाहीच नाही. तीन-चार आठवडे तर उरलेत, सर्वपित्री झाली की काढू, असं तिनं स्वतःला समजावलं. बारा वर्षं थांबलेल्या माणसाला तीन-चार आठवडे म्हणजे काय? थांबा त्या दिवसापुरता बंद करावा असा अर्ज मात्र तिनं वर पाठवला. अर्ज वरच राहिला.

पौर्णिमेला सकाळपासून वारा होता. सव्वाबाराला बंधाऱ्यावर तुषार उडू लागले. दर्शनानं घरी फोन केला, शेजारणीनं उचलला. मथुराबाई डबा घेऊन केव्हाच गेल्या होत्या. साडेबाराला दर्शनानं बारा-चाळीसची बस रद्द करायला सांगितलं. यंत्रानं नकार दिला : बंधाऱ्यावर एक व्यक्ती आहे, तिला आणण्यासाठी गाडी आवश्यक. ती व्यक्ती तिची आईच होती.

बस आली तेव्हा आत नऊ माणसं होती. रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. मथुराबाई दाराशी आल्या, एक पाय आत ठेवला, एका हातानं दांडा धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. पाटी उजळली : 'थांबा. रोशन केणी येत आहे. चाळीस पावलं.'

"आये, आत जा," दर्शना बसच्या ध्वनिवर्धकातून म्हणाली. "मी दर्शना बोलतंय. गाडी सोडायची हाय."

"तो चढू दे. मंग सोड."

एका माणसानं मथुराबाईंना आत ओढायचा प्रयत्न केला. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिलेल्या बाईला ओढणं सोपं नसतं. त्यांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं. तेवढ्यात लाट कठड्यावरून आली आणि बसच्या खिडक्यांवर फुटली. आत कोणाचं तरी मूल रडू लागलं. तो रडण्याचा आवाज नियंत्रण कक्षात दर्शनाच्या कानात आला आणि ती जागी झाल्यासारखी झाली. हे नऊ जण आणि आई तिच्या एका 'ठेवा'पायी तिथे अडकले होते.

तिनं यादी उघडली. रोशन बाळकृष्ण केणी. काढा. कारण? तिनं मृत्यू निवडलं. तारीख विचारली. तिला ती पाठ होती. तिनं ती घातली आणि बोट दाबलं, आणि बारा वर्षांत जे रडू आलं नव्हतं ते आलं.

पाटी विझली. "आये," ती म्हणाली, "काढला मी. तो गेला. त्याच वेळी गेला. आता आत ये."

मथुराबाई कोऱ्या पाटीकडे बघत राहिल्या. दांडा सोडला नाही. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. आता दर्शनाकडे दुसरा उपाय नव्हता. होता तो एकच, गाडी जबरदस्तीनं हलवायची आणि आईला दारातून पडू द्यायचं. तिचा हात त्या बटणाजवळ गेला.

मग पाटी पुन्हा उजळली. त्यावरची अक्षरं मथुराबाईंनी वाचली, आणि दर्शनानं पडद्यावर वाचली : 'थांबा. दर्शना केणी येत आहे. पस्तीस पावलं.'

तीस. पंचवीस.

"दर्शे," मथुराबाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "तू कुटं हायस?"

"हितंच, आये. कंट्रोल रूममधी. खुर्चीत."

"खरा सांग."

"खरा सांगतंय."

"मंग ह्यो कोन येतंय?"

दर्शनाला उत्तर ठाऊक होतं. भावाबहिणीची चाल एकच, बापाची, टाच आधी आणि जड. रोशनचं नाव गेल्यावर पायऱ्यांवरचा तो आवाज यंत्रानं यादीतल्या सगळ्यांत जवळच्या चालीला देऊन टाकला होता. शास्त्र एवढंच होतं. पण पाटीवर स्वतःचं नाव बघताना तिला त्या शास्त्राचा भरवसा वाटेना. "कोन नाय, आये," एवढंच ती म्हणाली. "मी हितं हाय ना? मंग कोनच नाय. तवा बी कोन नव्हता."

मथुराबाईंनी समुद्राकडे पाहिलं. वीस पावलं. पंधरा. मग बारा वर्षं ज्याची वाट बघितली त्याच्याकडे पाठ करून त्या घाईघाईनं आत शिरल्या. कुणीतरी अंगावर येतंय म्हणून माणूस दार लावून घेतं, तशा. डबा बाहेरच पडला. दर्शनानं ते बटण दाबलं, दार मिटलं. गाडी पाणी कापत निघाली आणि वळणापलीकडच्या चढावर पोचली.

थांब्यावरचा कॅमेरा अजून चालू होता. दर्शनाची नजर तिथून हटेना. पाच पावलं. मग पाटीवर आलं, 'दर्शना केणी थांब्यावर.' बाकावरून पाणी वाहत होतं. तिथे कोणी नव्हतं, आणि तरी तिनं नीट पाहून खात्री करून घेतली. पुढच्या लाटेला चित्र गेलं.

"सर्वपित्रीला त्याचा करून टाकू," ध्वनिवर्धकातून आईचा आवाज आला, थकलेला. "पुतला सांग भटजींना. पन आधी तुजा नाव काढ त्यातून. आता, माज्यासमोर. मी आयकतंय."

दर्शनानं यादीत स्वतःचं नाव शोधलं. कारणाचे तेच तीन पर्याय समोर आले. 'स्वतःची विनंती' मधोमध होतं, आणि बोट घसरून खालच्या पर्यायावर जाऊ नये म्हणून तिनं उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं.